घरचा कापूस

दिग्रस
रविवार, १३ नोव्हेंबर २००५

सत्यशीलाबाईंस सविनय जयभीम.

शुक्रवारी तुमच्या मोनालीचे पाकीट मिळाले. तिकीट कमी लावल्यामुळे ते बेरंग झाले होते, पोस्टमनला दहा रुपये देऊन सोडवले. आत तुमच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टाची झेरॉक्स होती, नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी होती (भरती शनिवार १० डिसेंबर, ऑपरेशन सोमवार १२ डिसेंबर) आणि मोनालीचे दीड पानाचे पत्र. पोरीवर रागावू नका. तुम्हाला न विचारता पाठवते आहे, हे तिने पहिल्याच ओळीत लिहिले आहे.

मी दोनदा एसटीडीवरून फोन लावला. माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. पत्र तरी फाडण्याआधी उघडाल, म्हणून लिहीत आहे.

मोनाली लिहिते की आई हातपंपावर जाताना मधेच थांबते. विचारले तर म्हणते चप्पल सरकली. झोपतानाही गाठोड्याला टेकून बसूनच झोपते. तीन नळ्या बंद आहेत, त्यातली एक मुख्य आहे, फार दिवस काढू नका, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि तुम्ही म्हणालात, "डोमाजीले चिरलं तसं मले चिरू देनार नाही. ढाणकीच्या बाजारात काढा भेटते, तो घेतो."

बाई, तो काढा घेऊ नका. तुमच्या भावानेही दिवाळीपासून पौषापर्यंत असलाच एक काढा घेतला होता. नळी त्याने उघडत नाही, फक्त दिवस जातात.

मी नागपूरला अकरा दिवस यांच्याजवळ होते. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहिते. हृदय काढून ताटात ठेवतात, असे तुमच्याकडे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. पूल खचला की बाजूने वळणरस्ता काढतात ना, तसे करतात. पायातली एक शीर घेतात, छातीच्या आतली एक घेतात, आणि बंद जागेला वळसा घालून जोडतात. त्यासाठी छातीचे मधले हाड उघडावे लागते, आणि नंतर ते तारेने बांधतात. हे ऐकून तुमचे भाऊ काय म्हणाले माहीत आहे? "रुखमा, आता माह्यावर कपडे वाळू घालत जाय, तार हायच." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला आणि हसताना दुखले म्हणून यांना शिव्या देत बसला.

शुद्धीवर याल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही. हातही सैलसर बांधलेले असतात, नळी ओढू नये म्हणून. आधी माहीत नसले की माणूस फार घाबरतो. हे घाबरले होते, मला नंतर म्हणाले, "वाटलं, मले जित्तेपणी गाडलं." दुसऱ्या दिवशी नळी निघते. मग एक उशी देतात, ती छातीशी घट्ट धरून खोकायचे. खोकला दाबायचा नाही, कफ साठतो. तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे खेळणे देतात, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. तुमच्या भावाने पहिल्या दिवशी एक उचलली, सातव्या दिवशी तिन्ही.

शंभरात दोन-तीन दगावतात हे डॉक्टरांनी आमच्यापासून लपवले नाही, मीही तुमच्यापासून लपवत नाही. पण यांचे ऑपरेशन चांगले झाले. दवाखान्यातून हे स्वतःच्या पायांनी जिना उतरून आले.

घरी आल्यावर पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची
रुखमा वहिनी


दिग्रस
रविवार, २० नोव्हेंबर २००५

सत्यशीलाबाईंस जयभीम.

तुमचे कार्ड आले. दारातच वाचले, आत येऊन पुन्हा वाचले. एवढेच आहे त्यात: "ऑपरेशन चांगलं झालं तर माहा भाऊ मेला कायनं? तेवढं लिही. बाकी शहानपन मोनालीले शिकव."

तरी नऊ महिन्यांनी तुमचे अक्षर पाहिले. बरे वाटले, आणि भीतीही वाटली.

पायाच्या जखमेने गेले. जखम चिघळली, ताप चढला, शुगर होतीच. जंतू रक्तात गेले असे यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. तुम्ही आलात तेव्हा बोलता येत नव्हते त्यांना. झाले ते असे झाले.

तुम्ही विचारले नाही तरी घरचे लिहिते, कारण दवाखान्यापेक्षा घरीच माणूस जास्त चुकतो. तीन महिने भरलेली कळशी उचलायची नाही. खाटेवरून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठायचे. उकिडवे बसता येत नाही, खुर्चीचे भांडे लागते, त्याची लाज धरू नका. जेवणाला चव लागत नाही, दीड-दोन महिन्यांनी येते. चालायचे रोज, पहिल्या आठवड्यात अंगणातल्या अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत. गोळी एकही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आणि रडू येते. हे मला कोणी सांगितले नव्हते. बाजार समितीत तीस वर्षे मापारीपण केलेला माणूस, हमालांशी दिवसभर भांडणारा, तो ताटातल्या वरणाकडे पाहून रडायला लागला. मी घाबरून विचारले, "काय दुखते?" तर म्हणे, "काहीच नाही दुखत, तेच तं समजत नाही." डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले पुष्कळांना होते, निघून जाते. तुम्हाला झाले तर मोनालीने घाबरू नये.

एक बायकांचे. पुरुष डॉक्टरांसमोर अंग उघडे टाकावे लागेल, हे तुमच्या मनात आहे, मी ओळखते. तिथे बेशुद्ध माणसाला हिरव्या कापडाने झाकतात, जेवढी छाती लागते तेवढीच उघडी. आणि बाईच्या छातीचा भार जखमेवर ओढतो, म्हणून आतून आधाराचा कपडा घालून ठेवायला सांगतात. शेजारच्या वॉर्डातल्या बाईला सिस्टरने सांगितलेले मी ऐकले. समोर बटणे असलेले दोन शिवून ठेवा.

अश्वजित तुमची चौकशी करतो. बापाची फाइल घेऊन तो यवतमाळला वकिलाकडे दोनदा जाऊन आला. नागपूरच्या दवाखान्यावर तक्रार करायची म्हणतो. "माय, त्यायनंच काहीतरी बिघडवलं. आत्या बरोबर बोलते," असे म्हणतो. मी त्याला काही बोलले नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. तारीख चुकवू नका.

रुखमा वहिनी


दिग्रस
मंगळवार, २९ नोव्हेंबर २००५

सत्यशीलाबाई,

काल मोनालीने शेजारच्या धुरपताबाईंकडे फोन केला. तुम्ही परवा बाजारात पडलात. टमाट्याच्या ढिगावरच पडलात आणि उठल्यावर टमाटेवालीशी पैशासाठी भांडलात, असे सांगताना पोरगी हसली आणि मग रडली. नागपूरला जाणार नाही असे तुम्ही तिला बजावले. "वहिनी लपवते. पायाच्या जखमेनं मानूस मरते काय? छातीतच बिघडलं होतं, ते सांगत नाही," असे म्हणालात.

तुमचे निम्मे बरोबर आहे. मी लपवते. छातीत मात्र काही बिघडले नव्हते.

आज सकाळपासून दोन कागद फाडले. हा फाडणार नाही.

त्या हंगामात भाव पडला होता, तुम्हाला आठवत असेल. यांनी कापूस विकला नाही. "थांबू. संक्रांतीनंतर चढन." पुढची खोली छपरापर्यंत भरली होती आणि दवाखान्यातून आल्यावर यांची खाट आम्ही तिथेच टाकली, कारण दुसरी जागाच नव्हती. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाके होते. दवाखान्याच्या कागदावर लिहिले होते की जखम कोरडी ठेवा, ड्रेसिंग जाणत्या माणसाकडून करा, लाली, पू, वास किंवा ताप आल्यास त्याच दिवशी या. मी मॅट्रिक झालेली आहे, बाई. मला वाचता येत नव्हते असे नाही.

देवराव कंपाउंडर रोज येऊन ड्रेसिंग करत होता. चौथ्या दिवशी त्याने आणलेला कापूस संपला, म्हणाला मेडिकलमधून आणून ठेवा. मी गेले. निळ्या कागदातली गुंडाळी, मुठीएवढी, अठरा रुपये. माझ्या डोक्यात सणक गेली. आमच्या घरात अकरा क्विंटल कापूस पडलेला, त्याला कोणी विचारत नाही, आणि मुठीएवढा कापूस मी अठरा रुपयांना विकत घेऊ? मी तशीच परत आले.

घरी येऊन ढिगाच्या आतला, हात न लागलेला, पांढराशुभ्र कापूस काढला. हाताने सरकी काढली. धुतलेल्या लुगड्यावर उन्हात घातला. बुद्धमूर्तीसमोर ठेवून त्रिशरण म्हटले. मला वाटले यापेक्षा स्वच्छ काय असते? यांनी बोटांत धरून ओढून पाहिला, मापारीच ते. म्हणाले, "धागा लांब हाय. चांगला निवडला." मी पायाला बांधत होते तेव्हा हसले. "आता कुठं माह्या कापसाले भाव भेटला, रुखमा."

देवरावाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, येऊ नको, मला जमते.

आपल्या कापसाला अंगचे तेल असते, तो पाणी पीत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हते. तुम्हीही घरी करून पाहा, ताज्या कापसाचा बोळा पाण्यात टाका, तरंगतो. दवाखान्याचा कापूस उकळून, धुऊन केलेला असतो, तो ओल शोषतो. माझ्या पट्टीखाली जखमेची सगळी ओल तशीच राहिली. कापसात बोंडाच्या पानाचा चुरा असतो, कितीही निवडा. मी रोज वरची पट्टी बदलत होते आणि चिकटलेला खालचा थर ओढत नव्हते, दुखते म्हणून.

आठव्या दिवशी वास आला. मी उदबत्ती लावली.

बाई, पुन्हा लिहिते. मी उदबत्ती लावली.

ताप आला तेव्हा मी तापाची गोळी दिली. हे म्हणाले, "पुन्हा नागपूर नको. सत्यशीलेले कळवू नको, ते धावत येईन." मी बरे म्हणाले. मला ते सोयीचेच होते. कोणी पट्टी सोडून पाहिले तर काय दिसेल ते मला ठाऊक होते. चार दिवस मी रोज म्हणत होते, उद्या उतरेल. पाचव्या दिवशी ते मला ओळखेनात, तेव्हा गाडी केली.

यवतमाळला डॉक्टरांनी पट्टी उघडली. चिमट्याने एक काळपट बोळा काढला, त्यात सरकीचे टरफल होते. मला विचारले, "हा कापूस कुठला?"

मी म्हणाले, "मेडिकलचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढचे काम करू लागले. त्यांनी खूप केले. जखम पुन्हा उघडून धुतली, तीन दिवस सलाइनमधून औषधे दिली. छातीचे टाके कोरडे होते, हृदय नीट चालत होते, त्यांनी ते मला यंत्रावर दाखवलेही. "यांचं ऑपरेशन कुणी केलं? चांगलं केलं," असे ते म्हणाले. त्या वाक्यासाठी तरी मी तेव्हाच तुम्हाला पत्र लिहायला हवे होते.

यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तूच नेलं त्याले नागपूरले. तूच चिरलं माह्या भावाले." आणि पाणीही न घेता उठून गेलात. मी खाली मान घालून बसले. लोक म्हणाले, रुखमाबाई किती सोसते. मी सोसत नव्हते, बाई. तुमचा आरोप माझ्या कामाचा होता. नागपूरला नेल्याचा दोष अंगावर घेतला की दुसरे कोणी काही विचारत नव्हते. नऊ महिने मी त्या आरोपाच्या आडोशाला बसले. आणि त्याच आडोशाने आता तुम्हाला दवाखान्यात जाण्यापासून अडवले.

रोज सकाळी पंचशील म्हणते. चौथ्या शीलाशी, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याच्या त्या ओळीशी येते आणि पुढची ओळ घाईने म्हणते.

मला माफ करा असे मी लिहीत नाही. मला काय म्हणायचे ते म्हणा, ढाणकीत सांगा, दिग्रसला येऊन सांगा. फक्त एवढे समजून घ्या की तुमच्या भावाला ऑपरेशनने मारले नाही. घरी आल्यावर मारले गेले. तुम्ही नागपूरला जा. तुमच्या पायाला ड्रेसिंग करणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय आणि मोनालीशिवाय कोणाचा हात लागू देऊ नका, त्यांनीही साबणाने धुऊनच लावावा, आणि दवाखान्याने दिले तेच वापरावे. लाली दिसली तरी, थोडा वास आला तरी, त्याच तासाला गाडी करा. उद्या उतरेल असे म्हणू नका.

रुखमा


दिग्रस
रविवार, ४ डिसेंबर २००५

सत्यशीलाबाईंस जयभीम.

तुमचे उत्तर नाही. मोनालीचा फोन नाही. धुरपताबाईंकडे फोन वाजला की मी हातातले टाकून धावते, आणि नाही वाजला तरी जाऊन विचारून येते. मागचे पत्र तुम्हाला मिळाले की नाही हेही कळत नाही. आधी वाटले, तुम्ही ते अश्वजितला पाठवाल. दोन दिवस पोस्टमन आला की मीच आधी दाराशी जात होते. मग माझीच मला लाज वाटली. तुमच्या जिवावर बेतले असताना मी टपाल अडवायला उभी.

शुक्रवारी अश्वजितला जेवायला वाढले आणि सगळे सांगितले. कापूस, उदबत्ती, डॉक्टरांना दिलेले उत्तर, सगळे. वकिलाने केलेला तक्रारीचा मसुदा त्याच्या शेजारी पिशवीत होता.

तो बराच वेळ भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही. मग म्हणाला, "बाबा म्हनत होते ना, भाव भेटला म्हनून? मी तवा दारात उभा होतो. मीबी हसलो होतो." मग ताट सारून उठला आणि बाहेर गेला.

आज सकाळी मोरीत तोंड धूत होता, माझ्याकडे न पाहता विचारले, "आत्याचा रक्तगट कोनता हाय?"

मी म्हणाले, मोनालीने पाठवलेल्या कागदावर बी पॉझिटिव्ह लिहिले आहे.

"माहाबी तोच हाय. बाबाच्या वेळी चार बाटल्या लागल्या होत्या. आत्याकडं कोन देनारं हाय, मोनालीचं वजन तं चाळीस किलो." तोंड पुसत म्हणाला, "मी तुह्याशी बोलनार नाही, माय, बरेच दिवस. पन मी नागपूरले जातो."

त्याने मसुदा फाडला नाही, पेटीत ठेवून दिला.

दवाखान्यात आधी रक्त जमा करावे लागते, ते आमच्या वेळीही तसेच होते. म्हणून तो शनिवारी पहाटेच्या एसटीने निघणार आहे. तिकिटाचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले नाहीत. दवाखान्याच्या फाटकाशी औषधांच्या दुकानासमोर एक बाक आहे, तिथे दुपारी बारापासून थांबेन म्हणतो. तुम्ही आणि मोनाली याल तर तुमचे सामान तोच उचलेल, तुम्ही पिशवीसुद्धा उचलायची नाही. मी येणार नाही. तुम्ही बोलावले तरच येईन, आणि आले तरी व्हरांड्यात बसेन.

तुम्ही आला नाहीत तर तो तिथे संध्याकाळपर्यंत बसेल आणि परत येईल. मग मला त्याच्याकडे कसे पाहता येईल ते मला माहीत नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरी आहे. तो परत यायच्या आत मोनालीचा फोन आला तर?

हे पत्र उद्या पहिल्या टपालात टाकते, बुधवारी तुमच्या हाती पडेल. रागात असाल तर मायना घालू नका, माझे नाव लिहू नका, पत्ता अश्वजितच्या नावाने लिहा. कार्डावर येते किंवा येत नाही, एवढेच लिहा आणि त्याच दिवशी उलट टपाली टाका. शुक्रवारपर्यंत ते मिळाले पाहिजे, शनिवारी पोरगा निघतो.

रुखमा